अपस्मारावरील विशेष उपचार: पार्श्वभूमी

अपस्मार हा दैवी कोप नसून मेंदूचा विकार आहे, असे हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतील ग्रीक वैद्यांनी इसवी सनापूर्वी ४०० च्या सुमारास लिहून ठेवले होते. तरीही या रुग्णांसाठी स्वतंत्र वैद्यकीय सोय उभी राहायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. लंडनच्या क्वीन स्क्वेअरमध्ये अर्धांगवायू आणि अपस्माराच्या रुग्णांसाठीचे रुग्णालय १८५९ मध्ये स्थापन झाले, तर जर्मनीत बीलेफेल्डजवळ बेथेल ही वसाहत १८६७ मध्ये सुरू झाली. पुढे इंग्लंड-अमेरिकेतही अशा वसाहती निघाल्या. तिथे निवारा आणि शेतीकाम मिळाले, हे खरे. पण आकडी येणारा माणूस समाजापासून दूर ठेवावा, ही समजूतही त्यांच्यामुळे घट्ट झाली. जर्मनीतील १९३३ च्या सक्तीच्या नसबंदी कायद्यात आनुवंशिक अपस्माराचा समावेश होता, हे इथे विसरता येत नाही.

आजच्या उपचारकेंद्रांचे मूळ मात्र वसाहतीत नाही, क्वीन स्क्वेअरमध्ये आहे. तिथे जॉन ह्यूलिंग्स जॅक्सन यांनी झटका अंगठ्यापासून सुरू होऊन हातात, मग चेहऱ्यात कसा पसरतो याचे बारकाईने निरीक्षण केले आणि त्या क्रमावरून मेंदूतील उगमस्थान ओळखता येते, असे मांडले. त्याच विचाराच्या आधारे व्हिक्टर हॉर्सली यांनी १८८६ मध्ये एका तरुणाच्या मेंदूतील जुना व्रण काढला. ‘झटका नेमका कुठून सुरू होतो?’ हा प्रश्न तेव्हापासून या शाखेच्या केंद्रस्थानी आहे.

त्याचे उत्तर शोधायला खरे साधन मिळाले ते हान्स बर्गर यांनी १९२९ मध्ये मानवी मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख प्रसिद्ध केल्यावर. मॉन्ट्रियल येथे वाइल्डर पेनफिल्ड यांनी १९३४ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेत शल्यविशारद आणि आलेखतज्ज्ञ एकाच रुग्णावर एकत्र काम करू लागले. पुढे मेंदूचा आलेख आणि रुग्णाचे चित्रीकरण एकाच वेळी, अनेक दिवस चालू ठेवण्याची सोय झाली. अपस्मारावर औषधे घेणाऱ्या काही रुग्णांचे झटके मुळात अपस्माराचे नसतातच, हेही त्यातून कळू लागले. माझ्या मते या केंद्रांचे ते सर्वांत कमी ओळखले गेलेले काम आहे.

दरम्यान १९१२ मध्ये फेनोबार्बिटाल आणि १९३८ मध्ये फेनिटॉइन ही औषधे आली. पुष्कळ रुग्णांचे झटके थांबले आणि उरलेल्यांसाठी औषध बदलत राहणे हीच रीत झाली. ती किती अपुरी आहे, हे ग्लासगोतील २००० सालच्या अभ्यासाने दाखवले. पूर्वी उपचार न झालेल्या ४७० रुग्णांपैकी ४७ टक्क्यांचे झटके पहिल्याच औषधाने थांबले, दुसऱ्याने आणखी १३ टक्क्यांचे, तिसऱ्याने मात्र जेमतेम १ टक्क्याचे. पुढल्याच वर्षी कॅनडात, शंखखंडातून (मेंदूच्या कानाजवळच्या भागातून) उद्भवणाऱ्या आणि औषधांना दाद न देणाऱ्या अपस्माराच्या ८० रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. तीत शस्त्रक्रियेच्या गटातील ५८ टक्के रुग्णांना वर्षाअखेरीस भान हरपणारे झटके येत नव्हते; केवळ औषधांवर ठेवलेल्यांत हे प्रमाण ८ टक्के होते.

म्हणूनच अपस्मारविरोधी आंतरराष्ट्रीय संघाने २०१० मध्ये व्याख्या ठरवली: योग्य निवडलेली, पुरेशा मात्रेत घेतलेली दोन औषधे अपयशी ठरली, की तो औषधांना दाद न देणारा अपस्मार. अशा रुग्णाला तेव्हाच विशेष केंद्राकडे पाठवायला हवे. प्रत्यक्षात शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचलेल्या अनेक प्रौढांच्या आजाराला दहा-वीस वर्षे उलटून गेलेली असतात, आणि शिक्षण, नोकरी, लग्न हे सारे त्याच वर्षांत येते.