यकृतातला पाट आणि फुगवटा

यकृताची मोठी शस्त्रक्रिया ठरली की रावेर-यावलकडच्या घरांतून रक्त द्यायला तयार असलेली गाडीभर माणसे आजही जळगावला येऊन थांबतात. ही तजवीज चुकीची नाही. तथापि अनुभवी शल्यचिकित्सकांच्या हाती आता अनेक रुग्णांना रक्ताची एकही पिशवी चढवावी लागत नाही, आणि त्याचे श्रेय एखाद्या औषधापेक्षा यकृतात रक्त कोठून शिरते व कोठे जाते याच्या नेमक्या जाणिवेला अधिक आहे.

मटणाच्या दुकानातली ताजी कलेजी हाताळलेल्या माणसाला अडचण चटकन कळेल, कारण तिला टाका घालून दोरा आवळला तर तो आतच कापत जातो. माणसाच्या सुमारे दीड किलोच्या यकृतातून तर दर मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त वाहते. त्यातले तीन चतुर्थांश आतड्यांकडून पोर्टल शिरेवाटे येते, उरलेले यकृताच्या धमनीतून. या दोन्ही वाहिन्या पित्तनलिकेसह एकाच पडद्याच्या घडीतून जातात, म्हणून ती घडी चिमटीत धरली तर येणारे रक्त थांबते, हे ग्लासगोचे जेम्स हॉगर्थ प्रिंगल यांनी 1908 साली मांडले. पांझरा नदीकाठच्या पाटपाण्यावरच्या फडात पाटकरी चारीचे तोंड बुजवतो, तसेच हे. हल्ली घडीभोवती फीत आवळतात आणि बहुधा 15 मिनिटे बंद, 5 मिनिटे मोकळे असा क्रम ठेवतात. शस्त्रक्रियागृहात कोणीतरी घड्याळाकडे पाहून मिनिटे मोठ्याने सांगत असते, कारण रक्ताविना राहिलेल्या पेशी, विशेषतः सिरोसिस झालेल्या, म्हणजे व्रण पडून कडक झालेल्या यकृतातल्या, फार काळ तग धरत नाहीत.

पाट बंद केला तरी जखम वाहतच राहते, आणि खरी मेख येथेच आहे. यकृतातून निघणाऱ्या शिरा पातळ भिंतींच्या असतात, त्यांना झडपा नसतात, आणि त्या हृदयाकडे रक्त नेणाऱ्या महाशिरेत थेट उघडतात. तापीवरचे हतनूर धरण भरले की त्याचा फुगवटा मागे चांगदेव गावापर्यंत चढतो, त्याप्रमाणे महाशिरेतला दाब वाढला की रक्त उलटे येऊन कापलेल्या जागेतून झिरपते. त्यामुळे भूलतज्ज्ञ यकृत कापून होईपर्यंत सलाईन हात राखून देतात, महाशिरेतला दाब साधारणपणे पाऱ्याच्या 5 मिलिमीटरखाली ठेवतात, आणि कापणे संपल्यावर तूट भरून काढतात. बाहेर बसलेल्या नातेवाइकांना ‘सलाईन कमी दिली’ हे ऐकून धास्ती वाटते, पण त्या वेळी ती कंजुषीच उपकारक असते. अर्थात दाब फार उतरला तर मूत्रपिंडांना रक्त कमी पडते, आणि फाटलेल्या शिरेतून हवा आत ओढली जाण्याचाही धोका असतो.

कापायचे कोठून, याचा नकाशा फ्रान्सच्या क्लोद क्विनो यांनी 1957 साली यकृताचे आठ खंड दाखवून दिला, आणि आता सोनोग्राफीचा प्रोब थेट यकृतावर टेकवून आतल्या शिरा शोधता येतात. प्रत्यक्ष कापताना ऊतक चिमट्यात हलकेच चिरडतात. मऊ भाग विरघळल्यासारखा बाजूला होतो, धाग्यांसारख्या वाहिन्या तेवढ्या ताणलेल्या उरतात, आणि त्या एकेक बांधून किंवा क्लिप लावून तोडतात. ध्वनिलहरींवर चालणारी महागडी यंत्रे आली खरी, पण तुलनात्मक चाचण्यांत ती या साध्या चिमट्यापेक्षा ठळकपणे सरस ठरलेली नाहीत. रक्तस्राव रोखणारे म्हणून प्रसिद्ध असलेले ट्रानेक्झामिक आम्लही 2024 साली प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेतील मोठ्या चाचणीत यकृताच्या शस्त्रक्रियेत उपयोगी पडले नाही, उलट गुंतागुंत थोडी वाढलीच.

रक्त वाचले तरी मागे यकृत किती उरते हा प्रश्न राहतोच. निरोगी यकृताचा चौथा हिस्सा पुरू शकतो, सिरोसिसमध्ये मात्र सुमारे 40 टक्के लागतो. तेवढा उरणार नसेल तर काढायच्या बाजूची पोर्टल शाखा आधी बंद करतात. रक्त दुसऱ्या बाजूला वळते आणि काही आठवड्यांत ती बाजू वाढते.

पोट शिवण्यापूर्वी कापलेल्या पृष्ठभागावर पांढरे स्वच्छ गॉज दाबून धरतात. लाल डाग लगेच नजरेत भरतो; शोधायचा असतो तो फिकट पिवळा, कारण तो गळणाऱ्या पित्ताचा असतो, आणि तेथे आणखी एक टाका पडतो.