माइकमधली ‘टर्र टर्र’ शिरते कुठून?

जीएसएम, म्हणजे 2G तंत्रावरचा, मोबाईल स्पीकरजवळ ठेवला, की घंटी वाजायच्या आधीच ‘टर्र टर्र’ ऐकू यायचं, हे अनेकांना आठवत असेल. हीच टर्रटर्र छोट्या सर्किट बोर्डावरच्या माइकमध्येही घुसते. वास्तविक फोनच्या 900 मेगाहर्ट्झच्या लहरी आपल्या कानाला ऐकू येत नाहीत, माइकच्या पडद्यालाही जाणवत नाहीत. मग ऐकू येतं ते काय?

जीएसएम फोन सलग प्रक्षेपण करत नाही. दर 4.615 मिलिसेकंदांनी तो एक छोटा झटका देतो, म्हणजे सेकंदाला साधारण 217 झटके. अशा बोर्डावरच्या इलेक्ट्रेट जातीच्या छोट्या माइकच्या डबीत एक चिमुकला ट्रान्झिस्टर बसवलेला असतो. रेडिओलहर त्याच्यापर्यंत पोचली की तो जुन्या रेडिओतल्या डायोडसारखा वागतो: लहर गळून जाते आणि झटक्यांचा ठेका तेवढा मागे उरतो. हे 217 हर्ट्झ आणि त्यांच्या पटी नेमक्या माणसाच्या बोलण्याच्या पट्ट्यात येतात. एकदा आवाजात मिसळल्या की पुढे कितीही फिल्टर लावा, बोलणं शाबूत ठेवून त्या वेगळ्या काढता येत नाहीत. बंदोबस्त व्हायला हवा तो माइकच्या दाराशीच.

त्यासाठी माइकच्या दोन पायांमध्ये कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा आणि वेगवान लहरींना वाट देणारा भाग) लावतात. इथे बहुतेकांचा हात 0.1 मायक्रोफॅरडकडे जातो. मोठा तेवढा चांगला, असं वाटतं. पण कपॅसिटर आणि त्याची जोडणी मिळून सुमारे 1 नॅनोहेन्री इंडक्टन्स, म्हणजे प्रवाहातल्या बदलाला विरोध करण्याचा गुण, असतंच. 900 मेगाहर्ट्झला त्याचा अडथळा साडेपाच ओहमच्या घरात जातो, आणि मोठ्या कपॅसिटरमध्ये तो तसाच उरतो. 33 पिकोफॅरडचा स्वतःचा अडथळाही तिथे जवळपास तेवढाच, पण उलट्या दिशेचा. दोघं एकमेकांना खोडतात आणि लहरीला ग्राउंडकडे, म्हणजे सर्किटच्या शून्य व्होल्टच्या बाजूकडे, मोकळी वाट मिळते. मला या विषयातली ही सगळ्यात देखणी गोष्ट वाटते: ज्या दोषानं मोठा कपॅसिटर निकामी ठरतो, त्याच दोषावर छोट्याचं काम चालतं. जीएसएमच्या दुसऱ्या पट्ट्यासाठी, म्हणजे 1800 मेगाहर्ट्झसाठी, 10 पिकोफॅरडच्या आसपासचा आणखी एक जोडतात.

मात्र हा मेळ फार नाजूक असतो. बारीक ट्रॅक (बोर्डावरची तांब्याची पट्टी) एक मिलिमीटरनं वाढला तरी ढोबळमानानं आणखी 1 नॅनोहेन्री येतं आणि मेळ 600 मेगाहर्ट्झच्या आसपास घसरतो. शिवाय लहरीच्या पाव लांबीएवढा झाला, की ट्रॅक स्वतःच चांगला अँटेना होतो. वाय-फायच्या 2.4 गिगाहर्ट्झ लहरीची पाव लांबी हवेत जेमतेम 3 सेंटिमीटर भरते, आणि एवढा ट्रॅक छोट्या बोर्डावरही सहज असतो. म्हणून माइकचे ट्रॅक आखूड हवेत, शेजारी-शेजारी हवेत, आणि खाली ग्राउंडचा अखंड तांब्याचा थर हवा.

माझ्या एका बोर्डावर 33 पिकोफॅरडचाच कपॅसिटर होता, तरी टर्रटर्र थांबेना. तो बसला होता अॅम्प्लिफायरच्या पायाशी, माइकपासून दोन सेंटिमीटर दूर. चिमट्यानं उचलून तोच माइकच्या पायांवर सोल्डर केला, फोन शेजारी ठेवून कॉल लावला. हेडफोनमध्ये फक्त खोलीतल्या पंख्याचा आवाज येत होता.