वापरकर्ता खात्यांचे स्वयंचलित प्रोव्हिजनिंग

संस्थेच्या मध्यवर्ती डिरेक्टरीत नोंद असलेल्या कर्मचाऱ्यांची खाती त्रयस्थ कंपनीच्या व्यावसायिक अ‍ॅपमध्ये आपोआप उघडणे, बढती-बदलीनुसार त्यांतील तपशील अद्ययावत ठेवणे आणि कर्मचारी नोकरी सोडून गेला की ती बंद करणे, अशी संगणकीय व्यवस्था. डिरेक्टरी मायक्रोसॉफ्ट एन्ट्रा आयडी (२०२३ पर्यंत अ‍ॅझ्युअर अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी), ऑक्टा किंवा गूगल वर्कस्पेस यांपैकी एखादी असते. अ‍ॅप म्हणजे स्लॅक, सेल्सफोर्स, गिटहब यांसारखी सेवा. दोहोंमधील देवाणघेवाण आज मुख्यतः ‘स्किम’ (एससीआयएम, सिस्टिम फॉर क्रॉस-डोमेन आयडेंटिटी मॅनेजमेंट) या मानकानुसार होते.

सिंगल साइन-ऑनशी, म्हणजे एकाच लॉगइनने अनेक अ‍ॅप वापरू देणाऱ्या सोयीशी, या व्यवस्थेची वारंवार गल्लत केली जाते. सिंगल साइन-ऑनमध्ये सॅमल (आवृत्ती २.०, २००५) किंवा ओपनआयडी कनेक्ट (२०१४) या मानकांच्या आधारे लॉगइन करणाऱ्याची ओळख पटवली जाते. कोणाची खाती अ‍ॅपमध्ये असावीत आणि कोणाची नसावीत, हे ठरवणे त्याच्या कक्षेबाहेरचे आहे. काही अ‍ॅप पहिल्या लॉगइनच्या क्षणीच खाते उघडतात. ही ‘जस्ट-इन-टाइम’ पद्धत बसवायला सोपी असली, तरी तिच्यात खाते बंद होण्याची सोय नाही. नोकरी सोडलेला माणूस पुन्हा लॉगइन करायला येत नाही, आणि लॉगइन झाल्याशिवाय अ‍ॅपला काही कळत नाही. त्याचे खाते, त्याने काढलेल्या एपीआय की (इतर प्रोग्रामना अ‍ॅपमध्ये प्रवेश देणाऱ्या गुप्त किल्ल्या) आणि त्याच्या नावावरचे सशुल्क लायसन्स तसेच राहते. त्यामुळे प्रोव्हिजनिंगची कसोटी माणूस रुजू होतो त्या दिवशी लागत नाही, तो सोडून जातो त्या दिवशी लागते.

उगम : या तंत्राचे मूळ कोठे मानायचे, याविषयी दोन मते आढळतात. एका मतानुसार ते डिरेक्टरीच्या परंपरेतून आले. एक्स.५०० हे डिरेक्टरीचे आंतरराष्ट्रीय मानक १९८८ मध्ये आले. त्याचे हलके रूप असलेला एलडॅप हा प्रोटोकॉल १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला व १९९७ मध्ये त्याची तिसरी आवृत्ती निघाली. मोठ्या संस्थांत एकापेक्षा अधिक डिरेक्टऱ्या झाल्या, तेव्हा त्यांचा मेळ घालणारी मेटाडिरेक्टरी ही सॉफ्टवेअरची जात निर्माण झाली. मायक्रोसॉफ्टने १९९९ मध्ये झूमिट ही कंपनी विकत घेतली, ती याच तंत्रासाठी. दुसऱ्या मतानुसार खरी सुरुवात २००० च्या आसपास झाली. खाते मागणारा अर्ज, वरिष्ठांची मंजुरी आणि मग खाते, असा क्रम संगणकावर आणणारी उत्पादने तेव्हा बाजारात आली. अ‍ॅक्सेस३६० (आयबीएमने २००२ मध्ये घेतलेली) आणि वेव्हसेट (पुढे सन मायक्रोसिस्टिम्सकडे गेलेली) ही त्यांतील ठळक नावे. दोन्ही परंपरा पुढे एकमेकींत मिसळल्या, हे खरे. तरीही आजच्या व्यवस्थेची कार्यपद्धती, म्हणजे एक स्रोत, एक लक्ष्य, त्यांमधील गुणधर्मांची जुळणी आणि ठरावीक अंतराने होणारी फेरी, पाहता पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. मंजुरीचा क्रम आता बहुधा वेगळ्याच सॉफ्टवेअरमध्ये चालतो.

एसपीएमएल ते स्किम : वेगवेगळ्या कंपन्यांच्या उत्पादनांनी एकमेकांशी बोलावे म्हणून ओएसिस या मानक-संस्थेने एक्सएमएलवर (माहिती खुणांमध्ये मांडण्याच्या एका पद्धतीवर) आधारित एसपीएमएल ही भाषा तयार केली. तिची पहिली आवृत्ती २००३ मध्ये व दुसरी २००६ मध्ये मान्य झाली. ती रुजली नाही. एक्सएमएलचा बोजडपणा हे त्याचे कारण सर्रास दिले जाते आणि त्यात तथ्यही आहे. परंतु तेवढ्याने उलगडा होत नाही; सॅमलही एक्सएमएलवरच उभे आहे आणि आजही सर्वत्र वापरात आहे. अधिक वजनदार कारण असे, की खाते ‘जोडा’, ‘बदला’, ‘काढा’ हे सांगण्याची रीत एसपीएमएलने घालून दिली; पण खात्यात कोणते रकाने असावेत, हे मात्र ठरवले नाही. शिवाय दुसऱ्या आवृत्तीत माहिती मांडण्याचे दोन वेगळे पर्याय मान्य होते. मानक पाळणारी दोन उत्पादनेही त्यामुळे एकमेकांशी जुळतीलच, याची खात्री नव्हती. प्रत्येक अ‍ॅपसाठी वेगळा कनेक्टर (जोडणारा प्रोग्राम) लिहिण्याचे काम वाचले नाही, आणि ते वाचवण्यासाठीच तर मानक हवे होते.

स्किमने नेमकी ही उणीव भरून काढली. त्याची १.० आवृत्ती २०११ च्या अखेरीस आणि १.१ ही २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे काम इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्सकडे गेले व सप्टेंबर २०१५ मध्ये २.० आवृत्ती आरएफसी ७६४२, ७६४३ आणि ७६४४ या तीन दस्तऐवजांच्या रूपाने निघाली. पहिल्यात संकल्पना व गरजा, दुसऱ्यात रकान्यांचा आराखडा, तिसऱ्यात प्रोटोकॉल आहे. १.१ पर्यंत एक्सएमएलही चालत असे; २.० मध्ये केवळ जेसन ही माहिती मांडण्याची हलकी पद्धत उरली. ‘क्लाउड’साठीची साधी व्यवस्था असे सांगणारे मूळचे नावही या वाटचालीत बदलले. व्यक्तीच्या रकान्यांचा आराखडा मात्र पूर्णपणे नव्याने आखलेला दिसत नाही. पोर्टेबल काँटॅक्ट्स या त्याआधीच्या मानकातील नावाचे उपघटक आणि ईमेलची ‘मूल्य, प्रकार, प्राथमिक’ ही मांडणी स्किममध्ये जवळजवळ जशीच्या तशी आहे.

रचना : स्किममध्ये वापरकर्ता आणि गट असे दोन मुख्य घटक असतात. अ‍ॅपची कंपनी त्यांच्यासाठी वेबवर दोन पत्ते उपलब्ध करून देते आणि डिरेक्टरी त्या पत्त्यांवर नेहमीच्या एचटीटीपी विनंत्या पाठवते. वापरकर्त्यासाठी अनिवार्य असे एकच मूल्य डिरेक्टरीला द्यावे लागते, ते युजरनेम. ‘आयडी’ हा क्रमांक अ‍ॅप स्वतः देते आणि तो कायम राहतो. ‘एक्सटर्नल आयडी’ डिरेक्टरीच्या बाजूने दिला जातो. ‘अ‍ॅक्टिव्ह’ या रकान्यात खाते चालू की बंद, एवढेच असते. कर्मचारी क्रमांक, विभाग, कॉस्ट सेंटर व वरिष्ठ यांसाठी वेगळा विस्तार आहे.

एन्ट्रा आयडीमध्ये जोडणी करताना अ‍ॅपचा स्किम पत्ता व गुप्त टोकन (पासवर्डसारखी परवान्याची खूण) भरून ‘टेस्ट कनेक्शन’ दाबले जाते. त्या वेळी डिरेक्टरी एक यादृच्छिक, कोणाचाही नसलेला ओळखक्रमांक घेऊन ‘असा वापरकर्ता आहे का’ असे विचारते. अपेक्षित उत्तर स्थितिसंकेत २०० (विनंती यशस्वी) आणि सोबत रिकामी यादी असे आहे. नवखे प्रोग्रामर येथे ४०४ पाठवतात. माणूस सापडला नाही म्हणजे ‘नॉट फाउंड’, हा त्यांचा तर्क. परंतु शोध यशस्वी झाला व निकाल शून्य आला, असा याचा अर्थ असल्याने ४०४ येथे गैरलागू ठरतो आणि जोडणी अडते.

जोडणी झाल्यावर कोणता रकाना कोणत्या रकान्याला जोडायचा ते ठरते व कोणती व्यक्ती कक्षेत येते ते निवडले जाते. पहिली फेरी कक्षेतील सर्वांची असते आणि मोठ्या संस्थेत ती बराच वेळ घेते. त्यानंतरच्या फेऱ्या केवळ बदलांच्या असून साधारण २० ते ४० मिनिटांनी होतात. कक्षेसाठी गट नेमला असेल, तर त्या गटाचे थेट सदस्यच धरले जातात. गटाच्या आतल्या गटातील माणसे वगळली जातात. खाती का उघडली नाहीत, या तक्रारीच्या मुळाशी अनेकदा एवढीच बाब असते.

जुळणी : सर्वांत नाजूक टप्पा हा. अ‍ॅपमध्ये आधीच हाताने उघडलेली खाती असतील, तर कोणते खाते कोणाचे हे डिरेक्टरीला ओळखावे लागते आणि त्यासाठी जुळणीचा रकाना नेमावा लागतो. सहसा ईमेल किंवा युजरनेम नेमतात. अ‍ॅपमधील जुने खाते वेगळ्या ईमेलवर असले, तर जुळणी होत नाही व त्याच माणसाचे दुसरे खाते उघडते; जुन्या खात्यातील काम तिकडेच राहते. अ‍ॅपने तोच युजरनेम पुन्हा नाकारला, तर ४०९ (आधीच्या नोंदीशी विसंगती) हा संकेत येतो. ‘एक्सटर्नल आयडी’मध्ये कधीही न बदलणारे मूल्य ठेवणे आणि पहिल्या फेरीपूर्वी दोन्हीकडच्या याद्या समोरासमोर ठेवून तपासणे, हे यावरचे उपाय. दुसरे काम कंटाळवाणे आहे व म्हणूनच टाळले जाते; ते टाळू नये.

मराठी नावांपुरती एक अडचण येथे नोंदवणे आवश्यक आहे. स्किममध्ये नावाचे सहा उपघटक आहेत : पूर्ण रूप, आडनाव, स्वतःचे नाव, मधले नाव, नावाआधीची उपाधी आणि नावानंतरची उपाधी. वडिलांचे वा पतीचे नाव मधल्या रकान्यात बसते. पण आपल्याकडील अनेक हजेरीपटांत आणि पगारपत्रकांत ‘आडनाव, नाव, वडिलांचे नाव’ असा क्रम एकाच रकान्यात असतो. अशी यादी आयात करताना सॉफ्टवेअर पहिला शब्द स्वतःचे नाव म्हणून घेते आणि ‘कुलकर्णी’ हे त्या व्यक्तीचे नाव होऊन बसते. लग्नानंतर आडनाव बदलले की ईमेलही बदलतो आणि ईमेलवर आधारलेली जुळणी धोक्यात येते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत महाराष्ट्रात आईचे नावही येते. त्यासाठी स्वतंत्र उपघटक आराखड्यात नाही.

खाते बंद करणे : डिरेक्टरीतून व्यक्ती काढली किंवा ती कक्षेबाहेर गेली, की सामान्यतः ‘अ‍ॅक्टिव्ह’ हे मूल्य ‘फॉल्स’ करण्याची विनंती जाते. एन्ट्रामध्ये काढलेला वापरकर्ता ३० दिवस परत आणता येतो. त्यानंतर कायमचा पुसला गेला, की खाते काढण्याची विनंती पाठवली जाते. सर्व अ‍ॅप ती पाळू शकतात असे नाही. सेल्सफोर्समध्ये वापरकर्ता पुसता येतच नाही, केवळ निष्क्रिय करता येतो, कारण जुन्या व्यवहारांवर त्याचे नाव राहणे आवश्यक असते.

या एका रकान्यात घडलेला बिघाड तपशिलाने पाहण्यासारखा आहे. एन्ट्राकडून हे मूल्य बराच काळ मानकाप्रमाणे सत्यासत्य प्रकारात न येता, अवतरणचिन्हांत ‘फॉल्स’ असा मजकूर म्हणून येत असे. अनेक प्रोग्रामिंग भाषांत रिकामा नसलेला कोणताही मजकूर ‘सत्य’ धरला जातो. निष्काळजीपणे लिहिलेले अ‍ॅप अशा वेळी बंद करण्याची आज्ञा स्वीकारते, यशाचा संकेत परत पाठवते आणि खाते चालूच ठेवते. डिरेक्टरीच्या नोंदवहीत सर्व काही हिरवे दिसते. मानकानुसार वर्तन मिळवण्यासाठी पत्त्याला एक विशिष्ट खूण जोडण्याची सोय मायक्रोसॉफ्टने नंतर दिली. तरी चाचणीचे एक खाते बंद करून, प्रत्यक्ष अ‍ॅपमध्ये जाऊन ते बंद झाल्याचे पाहणे, याला पर्याय नाही.

खाते निष्क्रिय झाले म्हणजे त्या व्यक्तीचे चालू असलेले लॉगइनचे सत्र संपले, असेही गृहीत धरता येत नाही. सत्र तोडणे वा आधी दिलेली टोकन रद्द करणे, हे स्किमच्या आराखड्यात नाही. ते अ‍ॅपने स्वतःहून करायचे असते.

सुरक्षा व नोंदी : जोडणीचे टोकन ज्याच्या हाती, तो अ‍ॅपमध्ये हवे ते खाते उघडू वा बंद करू शकतो. ते ईमेलने पाठवू नये व ठरावीक काळाने बदलावे. वारंवार चुका येऊ लागल्या तर एन्ट्रा ती जोडणी ‘क्वारंटाइन’मध्ये टाकते. मग फेऱ्या विरळ होत दिवसातून एकीवर येतात आणि चार आठवड्यांहून अधिक काळ तीच स्थिती राहिली, तर जोडणी थांबवली जाते. टोकनची मुदत संपल्याचे कोणाच्या लक्षात न येणे, हे याचे नेहमीचे कारण. या सूचनांचा ईमेल एका व्यक्तीऐवजी गटाच्या पत्त्यावर जावा, कारण ती व्यक्तीच नोकरी सोडून गेलेली असू शकते.

भारतातील संस्थांना सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संगणक यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जतन कराव्या लागतात. एन्ट्रा प्रोव्हिजनिंगच्या नोंदी सशुल्क योजनेतही ३० दिवसच ठेवते, तेव्हा त्या बाहेर साठवण्याची व्यवस्था आरंभीच करावी लागते.

खर्च : पुष्कळ कंपन्या स्किमची सोय केवळ वरच्या दराच्या योजनेत देतात. परिणामी लहान संस्थांत खाती हातानेच उघडली व बंद केली जातात. सोडून गेलेल्याचे खाते बंद करण्याची सोय ही सुरक्षेची मूलभूत गरज असल्याने ती महागड्या योजनेत अडकवून ठेवणे समर्थनीय वाटत नाही. अशा संस्थांनी निदान दर महिन्याला अ‍ॅपमधील वापरकर्त्यांची यादी उतरवून पगारपत्रकाशी ताडून पाहावी.