पिस्तुलाचा परवाना: अर्ज नेमका कुठे अडतो

जळगावच्या सराफ बाजारातील व्यापारी असोत, रावेर-यावलकडील केळीचे खरेदीदार असोत की हंगामात रोकड घेऊन फिरणारे जिनिंगवाले, चौकशीला आल्यावर त्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: कमरेला लावले तरी दिसणार नाही असे लहान, हलके पिस्तूल कोणते घ्यावे? हा प्रश्न खरे तर शेवटी यायला हवा. ९ एमएम बोअर (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास) प्रतिबंधित गटात असल्यामुळे सामान्य नागरिकाची निवड प्रामुख्याने .३२ बोअरच्या पिस्तूल-रिव्हॉल्व्हरपुरती उरते आणि परवाना हाती येईपर्यंत तीही कागदावरच राहते.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत शस्त्र परवान्याचे अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना, म्हणजे जिल्हादंडाधिकाऱ्यांना आहेत. अर्जदाराचे वय २१ पूर्ण असावे लागते. शस्त्र नियम, २०१६ नुसार अर्ज नमुना ए-१ मध्ये करायचा असून छायाचित्रे, जन्मतारखेचा, ओळखीचा आणि रहिवासाचा पुरावा हे नेहमीचे कागद सोबत लागतात. त्यांत सहसा कोणी अडत नाही.

अडतात ते कारणावर. "जिवाला धोका आहे" एवढे एक वाक्य लिहून दिलेले अर्ज मी कितीतरी पाहिले आहेत. ज्याला खरोखर धमकी आली, त्याने ती पोलीस ठाण्यात नोंदवलेलीच नसते, कारण गावात राहायचे असते आणि समोरचा माणूस भाऊबंदकीतलाच निघतो. मग वर्षभराने अर्ज करताना ना एन.सी.ची (अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीची) प्रत असते, ना तक्रार अर्जाची पोच. धमकी आली त्याच दिवशी लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी, ही गोष्ट परवाना हवा असो वा नसो, करून ठेवण्यासारखी आहे. रोकडीचे कारण देणाऱ्यांनी व्यवसायाची नोंदणी, विवरणपत्रे, बँक खात्याचे उतारे आणि पैसे नेण्याचा नेहमीचा मार्ग हे सारे जोडावे. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, असे शस्त्र अधिनियम, १९५९ चे कलम १४ स्पष्ट सांगते, तरीही टेबलावर "जमीन किती?" हा प्रश्न विचारला जातो, तेव्हा हे कलम माहीत असलेले बरे. रानडुकरे पिकाची नासधूस करतात म्हणून पिस्तूल मागणाऱ्यांनी मात्र आधीच थांबावे. पीकसंरक्षणाचा परवाना वेगळा आहे आणि त्या कारणावर पिस्तूल मिळत नाही.

दुसरी अडचण चॅप्टर केसची. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दोन्ही गटांवर प्रतिबंधक कारवाई होते, बंधपत्र लिहून घेतले जाते आणि घरी आल्यावर माणूस ते विसरून जातो. शांतता राखण्याच्या अशा बंधपत्राची मुदत चालू असेपर्यंत कलम ९ नुसार तो परवान्यास अपात्र असतो. ही बाब अर्जात लपवली तरी पोलीस अहवालात येतेच, आणि मग अपात्रतेच्या जोडीला खोटी माहिती दिल्याचा ठपका बसतो. मुदत संपू द्यावी आणि नंतरच अर्ज करावा.

वैद्यकीय प्रमाणपत्र नमुना एस-३ मध्येच लागते. त्यात शारीरिक क्षमतेबरोबर मानसिक आरोग्याचा आणि अर्जदार कोणत्याही मादक पदार्थाच्या आहारी नसल्याचा स्पष्ट उल्लेख हवा; नोकरीसाठी काढलेला साधा फिटनेस दाखला परत येतो. शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्रही आदल्या दिवशी मिळण्याजोगे नाही.

पोलीस अहवालासाठी ३० दिवस आणि अहवाल मिळाल्यापासून निर्णयासाठी ६० दिवस, अशी मुदत नियमांत आहे. लोक ती अर्जाच्या तारखेपासून ६० दिवस अशी वाचतात आणि उगाच हुज्जत घालतात. अर्थात अहवाल महिनोन्‌महिने पोलीस ठाण्यातच पडून राहतो तेव्हा दोष वाचणाऱ्याचा नसतो. अर्ज नाकारला गेल्यास कारणांचे लेखी टिपण मागून घ्यावे, कारण कायद्याने ते बहुतेक प्रकरणांत मागणीवरून द्यावे लागते आणि त्याशिवाय ३० दिवसांत करायच्या अपिलात लिहायचे काय, हेच कळत नाही.

परवाना मिळाला की क्षेत्राचा रकाना आधी वाचावा. महाराष्ट्रापुरता परवाना घेऊन बऱ्हाणपूर, सेंधवा किंवा सुरतेला पिस्तूल नेता येत नाही. नवापूरच्या स्टेशनातून तर दोन राज्यांची सीमा जाते. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल होल्स्टरमध्ये, झाकलेले असावे. लग्नाच्या वरातीत हवेत गोळी झाडली, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

देखभालीचाही परवान्याशी संबंध आहे. खानदेशच्या उन्हाळ्यात कमरेचा घाम आणि चामडी होल्स्टरमधील ओल यांमुळे गंज लवकर चढतो. शस्त्रावरचा क्रमांक परवान्यावरील क्रमांकाशी ताडून पाहिला जातो. तो गंजाने पुसट झाला की तपासणीच्या दिवशी अवघड होते. म्हणून हत्यार रिकामे असल्याची दोनदा खात्री करून, पुसून, हलका तेलाचा हात द्यावा आणि घरात ते कुलपातच ठेवावे.

परवाना आता पाच वर्षांचा असतो. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्यापूर्वी किमान ६० दिवस द्यायचा असतो, संपल्यानंतर नव्हे. निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करण्याचा आदेश आल्यास पावती घ्यावी आणि ती परवान्याच्या पुस्तिकेसोबत ठेवावी.

ही दगदग पाहून काही जण सातपुड्यापलीकडून गावठी कट्टा आणण्याचा विचार बोलून दाखवतात. विनापरवाना शस्त्र बाळगल्यास किमान दोन आणि कमाल पाच वर्षांच्या कैदेची तरतूद आहे, आणि असा गुन्हा सिद्ध झाल्यावर परवान्याचा अर्ज पुन्हा कोणी हातातही घेणार नाही.