परक्या फोनचे कुलूप: एका खेळप्रकाराची पार्श्वभूमी

२०१६ आणि २०१७ या दोन वर्षांत तीन वेगवेगळ्या देशांतल्या छोट्या निर्मात्यांनी जवळजवळ एकाच कल्पनेवर खेळ तयार केले. दक्षिण कोरियात सोमी या एकट्याने काम करणाऱ्या निर्मात्याने ‘रेप्लिका’ केला, मलेशियात कायगन गेम्सने ‘सारा इज मिसिंग’ केला आणि फ्रान्समध्ये अ‍ॅक्सिडेंटल क्वीन्स या चमूने ‘अ नॉर्मल लॉस्ट फोन’ केला. तिन्ही खेळ सुरू होताच पडद्यावर एका अनोळखी माणसाचा फोन येतो. त्या माणसाबद्दल कोणी काहीही सांगत नाही. त्याचे संदेश वाचायचे, फोटो पाहायचे, कुठल्या तरी शुभेच्छांमधून वाढदिवस ताडायचा, त्या तारखेने पुढचे कुलूप उघडते का ते पाहायचे, आणि असे करता करता तो माणूस कोण होता आणि त्याचे काय झाले हे आपले आपणच जुळवायचे, एवढाच हा खेळ आहे. कल्पना नवी वाटली तरी तिची मुळे स्मार्टफोनच्या बरीच आधीची आहेत.

१९३६ साली इंग्लंडमध्ये डेनिस व्हीटली आणि जे. जी. लिंक्स यांनी ‘मर्डर ऑफ मायामी’ नावाची एक रहस्यकथा पोलिसांच्या फाइलच्या रूपात प्रसिद्ध केली. तिच्यात कथा सांगणारा निवेदक नव्हता. तारा होत्या, जबाब होते, छायाचित्रे होती, आणि पुरावा म्हणून खरे केस आणि काडेपेटीची खरी काडीही जोडलेली होती. उत्तर शेवटच्या मोहोरबंद पानांत होते, आणि ती पाने फोडण्यापूर्वी वाचकाने स्वतः डोके चालवावे अशी अपेक्षा होती. या फायलींचा वारसा १९८२ मध्ये संगणकावर आला. इन्फोकॉम या अमेरिकी कंपनीचा ‘डेडलाइन’ हा खून-तपासाचा खेळ लिहिताना फ्लॉपीवर जागा पुरेना, म्हणून साक्षीदारांचे जबाब आणि प्रयोगशाळेचे अहवाल छापून खेळाच्या पाकिटातच घातले गेले. अडचणीतून निघालेली ही वाट मला फार महत्त्वाची वाटते, कारण गोष्ट सांगण्याऐवजी गोष्टीचे कागद हातात द्यावेत, हे सूत्र संगणकीय खेळांत तिथून पक्के झाले.

कुलूपबंद मजकूर उघडण्याची ही ओढ मराठवाड्याला परकी नाही. पैठण परिसरात वावरलेल्या चक्रधरस्वामींच्या महानुभाव पंथाने आपले ग्रंथ पुढच्या काळात सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. त्यांतली सकळ लिपी सर्वांत प्रसिद्ध आहे. तिच्यात अक्षरांच्या जागी ठरलेली दुसरी अक्षरे आणि चिन्हे येत, त्यामुळे किल्ली नसलेल्याला पोथी हातात असूनही वाचता येत नसे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी या लिपीचा उलगडा केला आणि पंथाबाहेरच्या वाचकाला शतकानुशतके बंद असलेले मराठी गद्य खुले झाले. याहून घरगुती उदाहरण म्हणजे आजोबांची पत्र्याची ट्रंक. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात असल्यामुळे कित्येक घरांत जमिनीचे कागद उर्दूत, तर जुनी पत्रे मोडीत असतात. नातवाला दोन्ही येत नाहीत. मग गावातल्या जाणत्या माणसाकडे कागद न्यायचे आणि तो वाचत जाईल तसे आपल्याच घरातले एखादे नाव, एखादे गहाणखत, कधी न ऐकलेला एखादा भाऊबंद समोर येत जायचा. तुकड्यांवरून माणूस उभा करणे म्हणजे काय, हे ज्याने अशी ट्रंक उघडली आहे त्याला समजावून सांगावे लागत नाही.

संगणकावरच्या खेळांत या तुकड्यांना खासगी आयुष्याचा ओलावा आला तो २०१० च्या सुमारास. त्या वर्षी क्रिस्टीन लव्ह यांनी ‘डिजिटल: अ लव्ह स्टोरी’ हा मोफत खेळ दिला. तो १९८८ सालच्या संगणकाच्या पडद्यावरच घडतो आणि फोन लावून जोडल्या जाणाऱ्या संदेशफलकांवरचा पत्रव्यवहार हीच त्याची कथा असते. २०१३ च्या ‘गॉन होम’मध्ये परदेशातून परतलेली मुलगी रिकाम्या घरातल्या चिठ्ठ्या आणि कपाटे धुंडाळून आपल्या बहिणीचे काय झाले ते शोधते. २०१५ मध्ये सॅम बार्लो यांच्या ‘हर स्टोरी’ने खेळाडूपुढे पोलिसांच्या जुन्या चित्रफितींचा साठा आणि शब्द टाकण्याची एक चौकट एवढेच ठेवले. टाकलेला शब्द ज्या फितींत उच्चारला गेला असेल त्यांपैकी पहिल्या पाचच दिसतात, त्यामुळे पुढचा शब्द कोणता टाकायचा हाच तपास ठरतो. यानंतर फोनवर येणे ओघानेच आले. घर, कपाट, पत्रपेटी आणि फोटोंचा अल्बम एव्हाना खिशातल्या एकाच वस्तूत सामावले होते. शिवाय खोट्या फोनचा पडदा खऱ्या फोनच्या पडद्यावर तंतोतंत बसतो, आणि मोठी चित्रसृष्टी उभारण्याचा खर्च न परवडणाऱ्या दोन-चार जणांच्या चमूलाही तो करता येतो.

‘रेप्लिका’त खेळाडू स्वतः कैदेत असतो आणि परक्या माणसाचा फोन चाळून त्याच्याविरुद्ध दहशतवादाचा पुरावा काढण्यासाठी सरकारी यंत्रणा त्याच्यावर दबाव आणते. खेळ जुलै २०१६ मध्ये आला. त्याच वर्षी मार्चमध्ये दक्षिण कोरियाच्या संसदेने दहशतवादविरोधी कायदा संमत केला होता आणि त्याला विरोध करणाऱ्या सदस्यांनी आठवडाभर अखंड भाषणे केली होती. ‘सारा इज मिसिंग’ने भयकथेची वाट धरली. तिथे बेपत्ता मुलीच्या फोनमधली सहायक प्रणालीच खेळाडूशी बोलू लागते. त्याच निर्मात्यांनी २०१७ मध्ये ‘सिम्युलाक्रा’ आणून ती मालिका पुढे नेली.

‘अ नॉर्मल लॉस्ट फोन’वर मात्र थांबायला हवे. त्याचा पहिला नमुना जानेवारी २०१६ मध्ये ग्लोबल गेम जॅम या ४८ तासांच्या उपक्रमात झाला आणि पूर्ण खेळ जानेवारी २०१७ मध्ये आला. फोन सॅम नावाच्या, नुकतीच अठरा वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीचा आहे आणि वाढदिवसाच्या रात्रीपासून सॅमचा पत्ता नाही. वडिलांचे काळजीचे संदेश येऊन पडलेले असतात. इंटरनेट चालू करायला शहराच्या वायफायचा पासवर्ड लागतो आणि तो संदेशांतल्या उल्लेखांवरून काढावा लागतो. पुढे एकेक कुलूप उघडत जाते तसे कळते की सॅमला आपल्या लिंगओळखीबद्दल घरात बोलता येत नव्हते, आणि फोनमध्ये एक अख्खे दुसरे आयुष्य जपून ठेवलेले होते. शेवटी खेळाडूने करायचे असते ते एकच काम: फोनमधले सगळे पुसून टाकायचे. इतका वेळ जे हक्क नसताना वाचले ते परत झाकणे, ही त्या खेळाची खरी समाप्ती आहे. परक्याच्या खासगी गोष्टी वाचायला लावणे कितपत योग्य, अशी टीका त्यावर झाली आणि ती टीका रास्त आहे. पण हा प्रश्न खेळाने लपवलेला नाही, त्याने तो खेळाडूच्या बोटांवर आणून ठेवला आहे. त्याच चमूने त्याच वर्षी लॉराच्या फोनची दुसरी गोष्ट केली. तिच्यात जोडीदाराच्या जाचाने हळूहळू एकटी पडत गेलेली तरुणी आहे.

हे खेळ येत होते त्याच काळात आपल्याकडे काय चालले होते, हे मांडून पाहण्यासारखे आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झाले आणि स्वस्त इंटरनेट तालुक्याच्या गावापर्यंत पोचले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. या दोन गोष्टींच्या मधली जागा मला अंबाजोगाईतल्या एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात दिसली. काउंटरच्या काचेखाली दुरुस्तीला आलेले फोन ओळीने ठेवलेले होते. प्रत्येकाच्या पाठीला कागदाची पट्टी, तिच्यावर गिऱ्हाइकाचे नाव, आणि नावाखाली पेनाने काढलेले नऊ ठिपके. त्या ठिपक्यांवरून ओढलेली रेघ म्हणजे फोनचा पॅटर्न लॉक. डिस्प्ले बदलल्यावर फोन तपासून पाहावा लागतो म्हणून दुकानदार तो विचारून घेतो आणि लोक विश्वासाने सांगतात. घरातही फोन पुष्कळदा एकट्याचा नसतो. एकाच फोनवर सासऱ्यांचे पीकविम्याचे संदेश येतात, मुलाचा अभ्यास होतो आणि सुनेचे माहेरचे बोलणेही होते. अशा घरातल्या मुलीने काही जपून ठेवायचे म्हटले तर तिला ते संपर्कयादीतल्या मैत्रिणीच्या नावाआड किंवा गॅलरीतल्या एखाद्या आडबाजूच्या फोल्डरमध्ये ठेवावे लागते. परक्या फोनच्या खेळात जी कोडी रचून घालावी लागतात, ती इथे रोजच्या वागण्यात आधीच तयार आहेत.

या प्रकाराचा आवाका नंतर वाढला. ऑक्टोबर २०१७ च्या ‘बरी मी, माय लव्ह’मध्ये युरोपकडे निघालेल्या सीरियन नूरचे संदेश तिच्या नवऱ्याच्या फोनवर येत राहतात आणि खेळाडू तो नवरा असतो. इथे चोरून वाचणे नाही, वाट पाहणे आहे.

हा सगळा प्रकार वाचण्यावर उभा आहे, म्हणून भाषा हाच त्याचा मुख्य ऐवज आहे. आमच्याकडच्या तरुणांना हे खेळ इंग्रजीतून खेळावे लागतात आणि त्यात बारकावे निसटतात याची मला मनापासून खंत वाटते. फोनवर माणूस जसा लिहितो तसा तो आणखी कुठेच लिहीत नाही: रोमन अक्षरांत मराठी, मध्येच हिंदी, शब्द तोडलेले, आणि बोली मात्र शाबूत. लातूर-उदगीरकडचा माणूस ‘येऊलालो’ लिहितो, बीडकडचा ‘यायलोय’. मराठवाड्यातल्या हरवलेल्या फोनचा खेळ कोणी रचलाच, तर त्याचे पहिले कुलूप कसले असावे हे मी मनाशी ठरवून ठेवले आहे. नाव न जतन केलेल्या एका क्रमांकावरून पहाटे पाच वाजता आलेला संदेश असावा, ‘निघूलालो, स्टँडवर थांब’, आणि तो स्टँड कुठल्या गावचा हे खेळाडूने त्या पहिल्या शब्दावरून ओळखावे.