कॅल्क्युलेटर गाणं लावतो की म्हणतो?

हातात मावणारा ग्राफिंग, म्हणजे पडद्यावर आलेख काढणारा कॅल्क्युलेटर, छोट्याशा पडद्यावर नाचणाऱ्या सावल्या, आणि तळाशी खुपसलेल्या हेडफोनमधून येणारे सूर. पहिल्यांदा बघणारा म्हणतोच, "अरे, याच्यावर व्हिडिओ चालतो!" चालतो का? कधी हो, कधी अजिबात नाही. बघायला-ऐकायला दोन्ही प्रकार सारखेच वाटतात, पण आत जे घडतं ते इतकं वेगळं असतं की एकाची अडचण दुसऱ्याला शिवतही नाही.

मराठीने हा फरक आधीच करून ठेवलाय. आपण गाणं लावतो आणि गाणं म्हणतो. लावायचं तर कुणीतरी आधी म्हणून ठेवलेलं, साठवलेलं गाणं हवं. म्हणायचं तर गळा आणि चाल पुरते. चित्राचंही तसंच, दाखवणं वेगळं आणि काढणं वेगळं. माणसांबाबत या क्रियापदांची गल्लत कुणी करत नाही. कॅल्क्युलेटरबाबत मात्र सर्रास होते, कारण दोन्ही वेळा आवाज त्याच भोकातून येतो.

आधी ते भोक पाहू.

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीआय-८३ प्लस हा १९९९ चा कॅल्क्युलेटर. आत झेड८० प्रोसेसर, वेग साधारण ६ मेगाहर्ट्झ. पडदा ९६ बाय ६४ पिक्सेलचा, काळा किंवा पांढरा, मधलं काही नाही. वापरणाऱ्याच्या वाट्याला २४ किलोबाइट रॅम आणि १६० किलोबाइट फ्लॅश, म्हणजे फाइली साठवायची जागा येते. स्पीकर नाही, आवाजाची चिपही नाही. खालच्या कडेला २.५ मिलिमीटरचं सॉकेट आहे, ते दोन कॅल्क्युलेटर एकमेकांना जोडून प्रोग्राम पाठवण्यासाठी. त्यात ग्राउंड (शून्य व्होल्टेजची तार) सोडून दोन तारा असतात. एरवी दोन्ही तारांवर व्होल्टेज असतं आणि प्रोग्रामला हवं तेव्हा तो त्या खाली ओढू शकतो. या तारांसाठीच्या पोर्ट शून्य नावाच्या खणात ३ लिहिलं की दोन्ही खाली, ० लिहिलं की दोन्ही वर. बस, कॅल्क्युलेटरचा गळा तो एवढाच.

हेडफोनची पिन ३.५ मिलिमीटरची, त्यामुळे मध्ये अडॅप्टर लागतो. माझी एक अख्खी संध्याकाळ या अडॅप्टरने खाल्ली. आवाज एकाच कानात येत होता आणि मी प्रोग्राममध्ये चूक शोधत बसलो होतो. शेवटी पिनकडे नीट पाहिलं, तर तिच्यावर काळी रेघ एकच होती. दोन रेघांची, म्हणजे तीन कप्प्यांची पिन लागते. एका रेघेच्या पिनेत दुसरी तार थेट ग्राउंडला टेकते.

म्हणणं: इथे फक्त वेळ मोजायचा

समजा ४४० हर्ट्झचा सूर काढायचाय. तार सेकंदाला ४४० वेळा वर आणि ४४० वेळा खाली गेली पाहिजे, म्हणजे ८८० वेळा पालटली पाहिजे. ६ मेगाहर्ट्झ म्हणजे प्रोसेसरचे सेकंदाला ६० लाख ठोके, भागिले ८८०, म्हणजे दर पालटीमागे ६,८१८ ठोके. तार पालटण्याच्या आज्ञेला त्यातले ११ लागतात. बाकी सगळा वेळ प्रोसेसर नुसता आकडे उलटे मोजत उभा असतो.

उलटं मोजण्याचं नेहमीचं लूप, म्हणजे पुन्हापुन्हा चालणारं आवर्तन, चार आज्ञांचं. दोन बाइटांच्या जोडीत ठेवलेल्या आकड्यातून एक वजा करा, अर्धा भाग उचला, दुसऱ्या अर्ध्याशी पडताळा, शून्य नसेल तर मागे जा. ठोके ६, ४, ४ आणि १२, एकूण २६. तेव्हा ४४० हर्ट्झसाठी २६२ फेऱ्या मारायच्या. तार पालटण्याचे ११ ठोके सोडून दिले तर हिशेब ४४०.४ हर्ट्झवर येतो, कुणाच्याही कानाला ते खटकणार नाही.

वर चढत गेलं की मात्र गंमत होते. २,००० हर्ट्झला ५७.७ फेऱ्या हव्यात आणि अर्धीमुर्धी फेरी मारता येत नाही. ५८ घेतल्या तर १,९८९ हर्ट्झ, ५७ घेतल्या तर २,०२४. दोन शेजारच्या आकड्यांत अर्ध्या सुराच्या जवळजवळ एक तृतीयांश इतकं अंतर पडलं. कॅल्क्युलेटरवरची गाणी खालच्या पट्टीत सुरेल आणि वरच्या पट्टीत बेसूर का वाटतात, त्याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं. जाणकार लोक यावर उपाय करतात, लूप छोटं करतात किंवा फेऱ्यांच्या मध्ये काहीच न करणाऱ्या आज्ञा पेरतात.

एका तारेवर एकाहून जास्त सूरही निघतात. दोन-तीन सुरांचे हिशेब एकाच लूपमध्ये ठेवायचे आणि तार त्यांना आळीपाळीने द्यायची. पालट इतक्या झपाट्याने होते की कानाला सूर एकत्र ऐकू येतात. युक्ती नवी नाही, १९८२ च्या झेडएक्स स्पेक्ट्रमवर ३.५ मेगाहर्ट्झचा झेड८० आणि एक बिटचा, म्हणजे फक्त वर-खाली कळणारा बीपर होता आणि तिथे लोकांनी हेच केलं होतं. कॅल्क्युलेटरसाठीचा हाउस्टन ट्रॅकर २ हा प्रोग्राम त्याच परंपरेतला, त्यात कॅल्क्युलेटरवरच बसून चाल रचता येते.

जागा? एका स्वराला दोन बाइट धरा, एक उंचीसाठी आणि एक लांबीसाठी. पाचशे स्वरांची चाल हजार बाइटांत बसते.

एचपी ४८ मालिकेतल्या कॅल्क्युलेटरांना तर हे जन्मजात येतं. आत बझर आहे. ४४० लिहा, ०.५ लिहा, बीप ही आज्ञा द्या, अर्धा सेकंद सूर लागतो. ना अडॅप्टर, ना लूप. पण बीप करणारा कॅल्क्युलेटर रेकॉर्डिंगही वाजवेल असं समजू नका. त्या आज्ञेला म्हणता येतं, लावता येत नाही.

लावणं: इथे जागा संपते

आता खरं रेकॉर्डिंग घ्या. टेलिफोनच्या दर्जाचं म्हटलं तरी सेकंदाला ८,००० नमुने (नमुना म्हणजे त्या क्षणाची आवाजाची पातळी), एकेक नमुना एक बाइटचा. म्हणजे सेकंदाला ८,००० बाइट. टीआय-८३ प्लसच्या १६० किलोबाइटांत वीस सेकंद बसतील. २००४ च्या टीआय-८४ प्लसमध्ये वापरायला ४८० किलोबाइट आहेत, तिथे एक मिनिट. वरच्या पाचशे स्वरांच्या चालीला हजार बाइट पुरले होते, ते आठवा.

शिवाय तारेला मधली पातळी ठाऊकच नाही. नमुना सांगतो "२५६ पैकी १४०", तार म्हणते "वर की खाली?" यावर तोडगा असा, की दर नमुन्याच्या वाट्याला आलेल्या वेळातला काही भाग तार वर ठेवायची, उरलेला भाग खाली. वर राहण्याचं प्रमाण म्हणजे पातळी. हेडफोनचा पडदा एवढ्या झपाट्याने हलू शकत नाही, तो आपोआप सरासरी काढतो.

पण दर नमुन्याला ठोके मिळतात ७५०. त्याच २६ ठोक्यांच्या लूपने मोजायचं तर २८ पायऱ्या होतात. साठवल्या २५६ पातळ्या, वाजवता आल्या जेमतेम २८. म्हणजे आठ बिटांपैकी तीन तर नुसती अडगळ! म्हणून अशा प्रोग्रामसाठी आवाज आधी संगणकावरच सोलून काढतात. अगदी टोकाला जाऊन नमुन्याला एकच बिट दिलं तर सेकंदाला हजार बाइट लागतात आणि १६० किलोबाइटांत अडीच मिनिटांहून जास्त मावतं. ऐकायला वाळूतून ऐकल्यासारखं वाटतं, पण बोलणं कळतं.

आणखी एक. रेकॉर्डिंग वाजत असताना प्रोसेसरला मान वर करायला फुरसत नसते. मध्येच कळ दाबली का ते पाहायला गेला की तेवढ्यात तार अडते आणि कानात टक् वाजतं.

पडद्यावर

चित्राचा हिशेब आणखी सोपा. ९६ गुणिले ६४ म्हणजे ६,१४४ पिक्सेल, एका बाइटात आठ, तर एक फ्रेम ७६८ बाइटांची. १६० किलोबाइटांत २१३ फ्रेम. सेकंदाला दहाने चालवल्या तर एकवीस सेकंदांचा सिनेमा. हे दाखवणं झालं. पडद्याच्या चिपला दोन बाइटांच्या मध्ये साधारण दहा मायक्रोसेकंदांची उसंत द्यावी लागते, तरी अख्खी फ्रेम आठेक मिलिसेकंदांत पोचते. अडतं ते पडद्यापाशी. त्यातले द्रवस्फटिक सुस्त, मागचं चित्र पुसायच्या आत पुढचं येतं आणि सगळं फराटल्यासारखं दिसतं. त्यामुळे सेकंदाला फार फ्रेम रेटण्यात अर्थ नसतो.

जागा वाचवायची तर आकुंचन आलं. पडद्याची एक ओळ बारा बाइटांची. ती पूर्ण पांढरी असेल तर बारा शून्यं लिहिण्याऐवजी "शून्य, बारा वेळा" असं दोन बाइटांत लिहायचं. किंवा मागच्या फ्रेमपेक्षा जे बदललं तेवढंच लिहायचं. कॅल्क्युलेटरवरचे सिनेमे बहुतेक ठसठशीत सावल्यांचे का असतात, ते इथे कळतं. मोठे सलग काळे-पांढरे भाग या पद्धतीने चिमूटभर जागेत बसतात. झाडाची पानं दाखवायला गेलात तर आकुंचन केलेली फाइल मूळ फाइलपेक्षा मोठीही होऊ शकते.

काढणं म्हणजे काय, तर गोल फिरणारा घन घ्या. साठवायचे आठ कोपरे, प्रत्येकाचे तीन आकडे, म्हणजे चोवीस बाइट, आणि कोपरे वळवायला लागणारा साइनचा एक छोटा तक्ता. घन तासभर फिरवा, बाइट तेवढेच. इथे दमतो तो प्रोसेसर. आठ कोपरे दोन अक्षांभोवती वळवायला दर फ्रेमला ६४ गुणाकार लागतात आणि झेड८० ला गुणाकाराची आज्ञाच नाही, सरकवत-मिळवत करावा लागतो. मग बारा रेघा पिक्सेल-पिक्सेल काढायच्या. सिनेमा एकवीस सेकंदांनी संपतो, घन कधीच संपत नाही, फक्त रेघा वाढल्या की धापा टाकतो.

राखाडी रंगाने मात्र भल्याभल्यांना चकवलंय. काळ्या-पांढऱ्या पडद्यावर राखाडी छटा दिसली की लोकांना वाटतं, हा खरा व्हिडिओ असणार. तसं काही नाही. पिक्सेल झपाट्याने चालू-बंद केला की डोळ्याला मधली छटा दिसते, तारेने कानाशी केलं तेच इथे डोळ्याशी. काढलेल्या घनालाही ती देता येते आणि दाखवलेल्या फ्रेमलाही. फरक एवढाच, की दाखवताना चार छटांसाठी फ्रेमची जागा दुप्पट होते, ७६८ चे १,५३६ बाइट. काढताना फाइल वाढत नाही, काम वाढतं.

मग रंगीत पडद्याच्या नव्या कॅल्क्युलेटरवर सगळं सुटलं असेल? उलट झालंय. २०१५ चा टीआय-८४ प्लस सीई पाहा, ४८ मेगाहर्ट्झचा ईझेड८० (झेड८० चाच पुढचा प्रोसेसर), ३२० बाय २४० पिक्सेल, पिक्सेलला दोन बाइट. एक फ्रेम १,५३,६०० बाइटांची. वापरायला मिळणाऱ्या ३ मेगाबाइटांत अशा वीस फ्रेम बसतात, म्हणजे सिनेमाच्या वेगाने एक सेकंदही नाही. २५६ रंगांवर भागवलं तर चाळीस. म्हणजे काढणं आधीपेक्षा सुसह्य झालं (या प्रोसेसरला गुणाकार येतो), आणि न आवळता दाखवणं आधीपेक्षा अवघड. म्हणून तिथे हौशी मंडळी फाइल कॅल्क्युलेटरमध्ये ठेवतच नाहीत, यूएसबीला पेन ड्राइव्ह जोडून तिथून फ्रेम ओढतात. आणि हो, सीईला ते २.५ मिलिमीटरचं सॉकेटच ठेवलेलं नाही. तेव्हा सीईच्या एखाद्या क्लिपमध्ये छान आवाज ऐकू आला तर तो कुठून आला हे जरूर विचारा.

समोर काय चाललंय ते ओळखायचं कसं? मी आधी फाइलचा आकार बघतो. चार-पाच किलोबाइटांत मिनिटभराचा कार्यक्रम असेल तर तो काढलेला किंवा म्हटलेला असणार. मग कळा दाबून बघतो, घन उलटा फिरला तर प्रश्न मिटला. आणि गर्दीच्या दृश्यात वेग मंदावतो का ते पाहतो. न आवळलेल्या फ्रेम दाखवताना प्रत्येक फ्रेमला सारखाच वेळ लागतो, काढताना लागत नाही. ही शेवटची खूण आकुंचन केलेल्या सिनेमात फसू शकते, कारण गजबजलेली फ्रेम उलगडायलाही वेळ जातो.

दोन्हींची सरमिसळही चालते. सूर एका तारेवर म्हणता येतो, पण ढोलाचा धप्प तसा म्हणता येत नाही, त्याला ठरावीक उंचीच नसते. म्हणून सूर लूपने काढायचे आणि ढोल रेकॉर्ड केलेला लावायचा. सेकंदाचा दहावा भाग, नमुन्याला एक बिट, म्हणजे आठशे बिट. शंभर बाइटांचा ढोल, आणि तो वाजेपर्यंत सूर गप्प.