कोकणातील लाकूडकाम: पाऊस, वारा आणि सावली

कोकणातील जुन्या घराच्या पडवीतील खांब सहसा थेट जमिनीत रोवलेला नसतो. तो जांभ्याच्या किंवा काळ्या दगडाच्या तळखड्यावर टेकलेला असतो. या मांडणीमागे लाकडाच्या रचनेचे पक्के ज्ञान आहे. झाड जिवंत असताना ज्या उभ्या नलिकांतून पाणी वर चढते, त्या खांबाच्या तळाशी कापलेल्या, उघड्या तोंडांनी टेकलेल्या असतात, आणि म्हणून बाजूच्या पृष्ठभागापेक्षा खांबाचे टोक कितीतरी वेगाने पाणी शोषते. तळखडा या तोंडांना ओल्या मातीपासून दूर ठेवतो आणि वाळवीचा चोरवाटेने येणारा रस्ताही बंद करतो. दगडावरून चढायचे तर तिला मातीची नळी बांधावी लागते, आणि ती नळी झाडू मारणाऱ्याच्या नजरेला पडते.

लाकूड भिजल्यामुळे कुजत नाही, भिजून वाळता न आल्यामुळे कुजते. लाकडातील ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत राहिला तर बुरशीपासून धोका नाही असे मानले जाते. तो २८ ते ३० टक्क्यांच्या पुढे गेला की बुरशी जोमाने वाढते. जुलै-ऑगस्टमध्ये किनारपट्टीच्या हवेतील आर्द्रता ८५ ते ९० टक्के असते, तेव्हा पावसाचा एक थेंबही न लागता केवळ हवेतील बाष्पामुळे लाकूड १८ ते २० टक्क्यांपर्यंत ओलावते. म्हणजे सुरक्षित मर्यादेच्या काठावर ते आधीच उभे असते, आणि एखादे फुटके कौल किंवा भिंतीत लिंपून टाकलेले तुळईचे टोक पुढचे काम पुरे करते. लांबवर काढलेले पाखे, म्हणजे भिंतीबाहेर आलेल्या छपराच्या कडा, उघडे ठेवलेले वासे, वाऱ्याच्या बाजूला पावसाळ्यापुरते बांधलेले माडाच्या चुडतांचे झाप या सगळ्यांचा हेतू एकच आहे: झड लाकडापर्यंत पोहोचू द्यायची नाही आणि हवा मात्र खेळती ठेवायची.

लांब पाख्यांची एक किंमतही आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा श्रीवर्धन, मुरूड, दापोली या भागांत असंख्य छपरे उडाली. वादळी वारा छपराला खाली दाबण्यापेक्षा वर उचलतो. छपरावरून वेगाने जाणाऱ्या हवेमुळे वरचा दाब कमी होतो आणि पाख्याखाली शिरलेली हवा खालून रेटा देते. पाखा जितका बाहेर, तितका हा रेटा मोठा. कौलांचे वजन आणि वाशांवर ठोकलेले खिळे यांच्या भरवशावर राहणे आता पुरेसे नाही. वासा, त्याला पेलणारी आडवी तुळई म्हणजे भाल, आणि खांब लोखंडी पट्ट्यांनी व बोल्टांनी पायापर्यंत एकमेकांना जखडले पाहिजेत, आणि त्या पट्ट्या खाऱ्या हवेत गंजणार नाहीत अशा जस्तलेपित किंवा स्टेनलेस असल्या पाहिजेत.

परदेशांत आता उंच इमारतीही लाकडाच्या बांधतात. नॉर्वेतील ब्रुमुंडाल येथे २०१९ मध्ये पूर्ण झालेली १८ मजली लाकडी इमारत ८५.४ मीटर उंच आहे. अशा इमारतींत फळ्यांचे थर एकमेकांना काटकोनात चिकटवून केलेले जाड तक्ते आणि पट्ट्या चिकटवून केलेल्या तुळया वापरतात. लाकूड ओलाव्याने आडवे फुगते, लांबीत जवळजवळ नाही. थर काटकोनात असले की एक थर दुसऱ्याला आवरून धरतो. आगीचीही भीती वाटते तितकी नाही, कारण जाड तुळईवर मिनिटाला सुमारे ०.६५ मिलिमीटर या गतीने कोळशाचा थर चढतो आणि तोच आतील लाकडाला काही काळ वाचवतो. तंत्र उत्तम आहे. परंतु ते थंड प्रदेशातील स्प्रूससारख्या मऊ लाकडावर बेतलेले आहे, आणि त्या लाकडात वाळवीला थोपवणारे फारसे काही नसते. हे तक्ते जसेच्या तसे मालवणात आणून उघड्यावर उभे करणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

रत्नागिरीचा थिबा राजवाडा १९१० मध्ये तयार झाला तेव्हा त्यासाठी ब्रह्मदेशी साग वापरला गेला; सामान्य घरे मात्र ऐन, किंजळ, फणस या झाडांच्या लाकडावर उभी राहिली. सागातील किंवा फणसातील टिकाऊपणा मधल्या गडद भागात असतो, कारण झाड तिथे कीटकांना नकोशी रसायने साठवते. सालीलगतचा फिका भाग कोणत्याही झाडाचा असो, तो किडतोच. माडाचे गणित उलटे आहे. त्याचा बाहेरचा घेर दाट आणि कठीण, गाभा भुसभुशीत. म्हणून वाशासाठी बाहेरचाच भाग घ्यावा लागतो.

वाळलेल्या लाकडाच्या वजनापैकी जवळजवळ निम्मा भाग कार्बनचा असतो, त्यामुळे एक घनमीटर सागात सुमारे एक टन कार्बन डायऑक्साइडइतका कार्बन अडकून राहतो. खासगी रानांतील ऐन-किंजळ जळाऊ लाकूड म्हणून ट्रकांत भरून जातात, तेव्हा हाच कार्बन भट्टीत काही तासांत हवेत परततो. तोडीवर महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोडविषयक कायद्याचे नियंत्रण आहे आणि ते असायलाच हवे. पण तोडलेला जाड बुंधा भट्टीत जाण्याऐवजी वखारीत कापला जावा आणि तोडीच्या जागी लागवड व्हावी, एवढा तरी आग्रह धरायला हवा. बांबूची वाट त्याहून मोकळी आहे: २०१७ मध्ये भारतीय वन कायद्यातील ‘झाड’ या व्याख्येतून तो वगळला गेला. सिंधुदुर्गातील माणगा जातीचा बांबू जवळजवळ भरीव असतो. त्यातील पिष्टामुळे भुंगेरे लागतात, म्हणून तो पाण्यात मुरवून किंवा बोरॅक्स-बोरिक आम्लाच्या द्रावणात भिजवून मगच वापरावा.

या साहित्याची खरी जागा उंच मनोऱ्यात नाही. मासळी बाजार, एसटीचा निवारा, वाचनालयाची पडवी, आठवडा बाजाराचा मांडव अशा चहूबाजूंनी उघड्या, सर्वांच्या वापराच्या एकमजली वास्तूंत ती आहे, कारण तिथे लाकूड नजरेसमोर राहते आणि वर्षातून एकदा तपासता येते. भोवतीच्या झाडांची निवडही हवामान पाहून व्हावी. एक लिटर पाणी पानांवाटे उडताना सुमारे २.४ मेगाज्यूल उष्णता शोषते, पण त्याचा गारवा विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात जाणवतो तितका किनाऱ्यावर जाणवत नाही, कारण येथे घामच वाळत नाही. कोकणात झाडाची मुख्य देणगी सावली ही आहे, आणि सावलीत बसलेल्याच्या अंगाला वारा लागला पाहिजे. म्हणून दाट झुडपांच्या रांगांपेक्षा उंच खोडाची, वर पसरणारी झाडे बरी. किनाऱ्यालगत सुरूच्या एकसुरी रांगांऐवजी खारे वारे सोसणारी उंडी, करंज आणि भेंड लावता येतील. उंडीचे लाकूड होड्यांसाठी वापरले जात आलेच आहे. मात्र झाडे छपराला टेकू देऊ नयेत. फांद्या घासल्या की कौले सरकतात, पाने पन्हळीत साचतात आणि सावलीतला पाखा पावसाळाभर शेवाळलेला राहतो. तेव्हा पूर्ण वाढलेल्या झाडाचा घेर आधी जमिनीवर आखून, त्याच्या बाहेर पहिला खांब उभा करावा.